मार्चमधला स्वेटर

फेब्रुवारी सरत आला की बदलापुरात लोक स्वेटर धुऊन माळ्यावर टाकतात. माझा खुर्चीच्या पाठीवरच असतो. गेल्या मे महिन्यातही तिथेच होता. मरून रंगाचा, कोपरावर विटलेला, आणि इथल्या हवेत कुणी अंगात घालेल असं वाटणार नाही इतका जाड. रोज संध्याकाळी पाच वाजायच्या जरा आधी मी तो घालते, आतल्या खोलीचं दार लावते, माइकमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद करते आणि दहावीच्या मुलांना लॅपटॉपवर वर्गसमीकरणं शिकवायला बसते.

परीक्षांचे दिवस परत आले आहेत. हेंद्रेपाड्यात आमच्या इमारतीमागे जुन्या वस्तीतलं एक आंब्याचं झाड अजून उभं आहे. दोन्ही बाजूंनी टॉवर चढले तरी ते आपलं मोहरतं. सकाळी गॅलरीत गेलं की मोहोराचा वास येतो. मग कुठेतरी फरशी कापायचं यंत्र सुरू होतं आणि तो वास धुळीत बुडून जातो. मुलं चिडचिडी झाली आहेत, त्यांच्या आया त्याहून जास्त. दरवर्षी या दिवसांत मला एक थकवा चढतो. गेल्या वर्षीचा अजून उतरलेला नाही. हा त्याच्यावरच चढला आहे, ओल्या भिंतीवर रंग मारावा तसा.

त्यात गेल्या आठवड्यात को हानचा फोटो आला. को हान ही माझी व्हिएतनाममधली घरमालकीण. फोटोत कॉफीच्या झाडाची फांदी, तिच्यावर तांदळाच्या दाण्यांसारख्या पांढऱ्या कळ्या. खाली मोबाइलने भाषांतर करून दिलेलं मराठी: ‘फूल येत आहे. खोली रिकामी आहे. तू येते का? नाही तर मी दुसरा माणूस ठेवते.’

मी कामांची यादी करून एकेक ओळ खोडणारी बाई. ‘को हानला कळवणे’ ही ओळ मात्र तेव्हापासून रोज नव्या कागदावर उतरतेय.

जावं की राहावं, एवढंच ठरवायचं आहे. बाहेर हॉलमध्ये आई बसलेली असते. ते ठरवणं तिच्याशी बांधलेलं आहे, आणि तिला विचारायची सोय नाही.

*

दोन वर्षांपूर्वी मला कुणी सांगितलं असतं की तू तीन महिने परदेशात राहशील, तर मी आधी त्याचा ताप बघितला असता. माझी शिकवणी हेंद्रेपाड्यातच एका गाळ्यात चालायची. ती ऑनलाइन झाली, मस्कत-दोहातली मराठी मुलं येऊन मिळाली, अंबरनाथ-बदलापूरची होतीच. गाळा सुटला. मग घरातूनच शिकवायचं, तर ऐन परीक्षांच्या दिवसांत शेजारी नवी इमारत उठायला लागली. एका बाजूला ड्रिल, एका बाजूला ट्रान्सफॉर्मर. मी प्रमेय सांगत असे आणि अर्ध्यावर वीज जाई. मुलं लिहीत, ‘मिस, तुम्ही फ्रीज झालात.’

माझी मैत्रीण नीलिमा माझ्यासारखीच ऑनलाइन शिकवते, विज्ञान. एकटी. ती काही वर्षं देश बदलत फिरत होती. जिथे भाडं कमी आणि इंटरनेट चांगलं तिथे बिऱ्हाड. ती म्हणाली, “वासंती, इकडे ये. दा लात म्हणून डोंगरातलं गाव आहे. गारवा आहे, वीज जात नाही, आणि भाडं तुझ्या त्या गाळ्यापेक्षा कमी. मुलांना काय कळतंय तू कुठे आहेस ते?”

माझा धाकटा भाऊ विनू उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये असतो. जीन्सना काज-बटण करून देण्याचं त्याचं छोटं वर्कशॉप आहे. सकाळपासून आजूबाजूच्या सिंधी दुकानदारांशी भाव करून करून त्याची जीभ धारदार झालेली.

“दा लात? नावातच लात आहे, ताई,” तो म्हणाला. “आणि स्वस्तातच राहायचं होतं तर वांगणी होती की! पुढचंच स्टेशन. व्हिएतनाम कशाला?”

सगळे हसले. मीही हसले. पण नंतर भांडी आवरताना वाटलं, विनू बोलला ते खोटं नाही. आमच्या घराण्याची रीतच ही. आजोबांची लालबागला खोली होती. दोन भावांत ती पुरेना म्हणून बाबा उल्हासनगरला आले, कॅम्पातल्या एका बराकीत. तिथलं भाडं वाढलं तशी अंबरनाथला. तिथून मी बदलापूरला. प्रत्येक वेळी थोडं पुढे, थोडं स्वस्त, आणि प्रत्येक वेळी आईने नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालवून म्हणायचं, “हे शेवटचं हं.” मी फक्त त्याच रुळांवरून जरा लांब गेले, इतकंच.

आई विनूच्या घरी जायला तयार नव्हती. “माझ्या खिडकीतून मला झाड दिसतं,” एवढंच तिचं कारण. म्हणून विनूची बायको मनीषा तीन महिन्यांसाठी माझ्या घरी येऊन राहिली. मी तिच्यासाठी फ्रीजवर सूचना चिकटवल्या. आईच्या गोळ्या, पाण्याची वेळ, गॅसचा नंबर. मनीषाने सगळं वाचलं आणि म्हणाली, “ताई, तुम्ही विमानात बसा आता. नाहीतर पायलटलाही लिस्ट द्याल.”

*

दा लातची खोली आठवते ती आधी वासाने. ओल्या लाकडाचा वास, पाइनच्या सुयांचा, आणि खालच्या स्वयंपाकघरातून चढत येणारा माशांच्या सॉसचा. त्या शेवटच्याची सवय मला कधीच झाली नाही. समोर उतार, उतारावर कॉफीची झाडं, त्यापलीकडे डोंगरभर प्लास्टिकची हरितगृहं. संध्याकाळी त्यांत दिवे लागले की जमिनीवरच चांदणं सांडल्यासारखं दिसे.

पहिल्याच सकाळी मी आईसारखं दूध उतू घालवायला गेले. को हान किंचाळत आली. तिची शेगडी नवी होती. मी मोबाइलवर मराठीत बोलले, ‘हा शकुन आहे.’ मोबाइलने तिला काय सांगितलं देव जाणे. तिने एकदा शेगडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि फडकं माझ्या हातात दिलं. मग दुपारी माझ्यासाठी गरम सोयाचं दूध घेऊन आली आणि खुणेने म्हणाली, हे पी, सांडू नको.

को म्हणजे त्यांच्यात आत्या. शिक्षिकेलाही तेच म्हणतात. म्हणून ती मला को म्हणायची आणि मी तिला. पन्नाशीच्या दोन आत्या एका जिन्याच्या दोन टोकांना. एकदा तिने मोबाइल पुढे धरला. त्यावर लिहिलं होतं, ‘तुमच्यासारखे लोक आले, आता माझा मुलगा या गावात घर घेऊ शकत नाही.’ रागाने नव्हतं, पाऊस पडला म्हणावं तसं होतं. मला मागचं झाड आठवलं, आणि ते ज्यांच्या अंगणात आहे ती जुनी माणसं. आम्ही बदलापुरात आलो तेव्हा त्यांनीही असंच काहीतरी म्हटलं असणार. आम्हाला भाषांतराची गरज नव्हती, तरी आम्ही ऐकलं नव्हतं.

तिथली घड्याळं आपल्या दीड तास पुढे. मी भिंतीवरचं घड्याळ उतरवून बदलापूरच्या वेळेला लावलं होतं. सगळा दिवस मी त्या घड्याळावर जगायचे. बाहेर अंधार पडून थंडी सुटलेली असायची आणि माझे पाच वाजायचे. तेव्हाच हा स्वेटर घेतला, तिथल्या रात्रीच्या बाजारात.

*

आईशी फोनवर बोलणं हा एक वेगळाच प्रकार. तिच्या मनात अजून ट्रंक कॉलचं बिल चालू असायचं. “जेवलीस? बरी आहेस? ठेवते.” व्हिडिओ लावला तरी तेच, फक्त कपाळ दिसायचं. मग एक दिवस मनीषाचा मेसेज आला. ‘ताई, क्लासची लिंक द्या ना. आईंना नुसतं बघायचंय. बोलणार नाही म्हणतात.’

अशी आई माझ्या दहावीच्या वर्गात बसायला लागली. मुलांच्या चौकोनांमध्ये एक चौकोन तिचा. इस्त्रीची साडी, चेहऱ्याला पावडर, मागे गणपतीचं कॅलेंडर. हात मांडीवर. तासभर हलायची नाही.

ऑनलाइन मुलं कॅमेरा लावून झोपतात, म्हणून माझी पद्धत आहे की हजेरी तोंडी घ्यायची, आवाज ऐकल्याशिवाय नाव पुढे जाणार नाही. पहिल्या दिवशी सगळी नावं झाल्यावर मी गमतीने म्हटलं, “आजी?”

पडद्यावर गडबड झाली. मनीषाचा हात दिसला, बांगड्या वाजल्या. मग खणखणीत आवाज आला, “हजर!”

मुलं खूश. दुसऱ्या दिवसापासून आजीशिवाय हजेरी पूर्ण होईना. मस्कतचा अर्णव वर्गातला वात्रट. तो विचारायचा, “आजी, होमवर्क केला का?”

“मला माफ आहे,” आई म्हणायची. “बाई माझ्या ओळखीच्या आहेत.”

मनीषा सांगायची, “ताई, चार वाजल्यापासून तयारी चालू. मी बोलले, आई, अभी बहुत टाइम है. तर म्हणतात, उशिरा गेलेलं तिला चालत नाही.”

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी उठले तर समोरचा उतार पांढरा. कॉफी फुलली होती. फांद्यांना वरपासून खालपर्यंत चुना फासल्यासारखी फुलं, आणि वास थेट मोगऱ्याचा. को हान म्हणाली, चार-पाच दिवस, मग संपलं. अंधार व्हायच्या आत दिसावं म्हणून त्या संध्याकाळी मुलांना अर्धा तास आधी बोलावलं आणि लॅपटॉप खिडकीकडे वळवला. मुलं ‘वॉव’ वगैरे म्हणाली. आई कधी मध्ये बोलायची नाही, पण त्या दिवशी बोलली. “वास कसा आहे गं?”

“मोगऱ्यासारखा, आई.”

मग अर्णव म्हणाला, “मिस, म्हणजे आजी खरंच तुमची आई आहे?”

त्या मार्चमधलं हसू आठवायचं तर हे एवढंच आठवतं. बाकी सराव प्रश्नपत्रिका, मुलांचे रडके आवाज, माझा बसलेला घसा. आणि असं की महिन्याच्या शेवटी शेवटी आई दुसऱ्यांच्या नावांनाही ‘हजर’ म्हणायला लागली होती. “तन्वी?” म्हटलं की हजर. “अर्णव?” हजर. मुलांना वाटलं आजी प्रॉक्सी मारते. तीही हसत होतीच.

*

एप्रिल लागता लागता मी परत आले. सामान जिन्यात, विनू मागे धापा टाकत. दार आईनेच उघडलं. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पदर सावरून म्हणाली, “या, बसा. पाणी देऊ का? आमची मुलगी परदेशात असते. पाच वाजता येते ती, तोवर बसा.”

मनीषा आतून धावत आली. “आई, ताईच आहेत या!”

“हो का,” आई म्हणाली, पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून.

डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, गोळ्या दिल्या, आणि म्हणाले, घाई करू नका, वाद घालू नका. वाद न घालणं मी शिकले.

दुसऱ्या दिवशी आतल्या खोलीतून वर्ग घेतला. आई हॉलमध्ये फोनसमोर, तशीच तयार होऊन. मी सुती कुर्त्यात. तिने पडद्याकडे पाहिलं आणि मनीषाला म्हणाली, “ही आपली वासू नव्हे. लिंक चुकली.” तिसऱ्या दिवशी मला प्रवासाची कणकण होती म्हणून स्वेटर अंगात घातला होता. हॉलमधून आवाज आला, “आली! आली बघ!”

तेव्हापासून हा स्वेटर.

वर्ष होईल आता. पाच वाजता मी तिची मुलगी असते. बाकी दिवसभर मी कुणीतरी बाई. मनीषा उल्हासनगरला परत गेली तेव्हा आईने तिला सांगितलं, “तू निश्चिंत जा. या बाई चांगल्या आहेत, फक्त जरा घाईच्या आहेत.” तिला अंघोळ घालते, जेवायला वाढते, औषध देते, आणि ती मला ‘तुम्ही’ म्हणते. आधी त्या ‘तुम्ही’वर मी तिला ‘तू म्हण गं’ असं सांगायचे. आता नुसता थकवा येतो. आपल्याच घरात पाहुणी म्हणून राबण्याचा थकवा.

“तुमचं नाव काय म्हणालात?”

“वासंती.”

“अगबाई! माझ्या मुलीचंही तेच!” दर वेळी तेवढाच आनंद.

को हानच्या फोटोबद्दल मी विनूला सांगितलं. रविवारी तो आला होता. आई आत झोपली होती. त्याने चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाला, “जा तू, ताई. मनीषा येईल इकडे. राग मानू नकोस, पण तिला तू तिकडेच भेटतेस. इथे राहून काय होतंय? तुझी नुसती हाडं झिजतायत.”

राग मानण्यासारखं काही नव्हतं. हिशेबाने बघितलं तर तो बरोबर होता. तिथे गेले तर मी पाच वाजता तिची मुलगी असेन आणि बाकीचा दिवस माझा. गारवा, पाइन, कॉफीची फुलं. उकाड्यात लोकरीचं सोंग नको. मी दोन रकाने आखलेसुद्धा, जाण्याचा आणि राहण्याचा. जाण्याच्या रकान्यात ओळी भरत गेल्या. राहण्याच्या बाजूला लिहायला काही सुचेना.

*

मग एका दुपारी आई पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. ते काम तिच्या बोटांना अजून येतं. मी तिच्यामागे उभी राहून मोबाइलवर मुलांच्या शंका बघत होते, एक डोळा गॅसवर. ती आपली नेहमीसारखी मुलीचं कौतुक सांगत होती. मुलगी हुशार, मुलगी लहानपणापासून यादी करणारी, खाऊ आणायला पाठवलं तरी लिहून नेणारी.

मी विचारलं, कसं विचारलं कोण जाणे, “मग तिला परत का नाही बोलवत?”

“कशाला?” आई म्हणाली. शेंग फुटली, दाणे ताटात पडले. “इथे होती तेव्हा एका जागी बसलेली बघितली नाही मी तिला. उभ्याने चहा, उभ्याने जेवण. हातात कागद. काही सांगायला गेलं की, आई, दोन मिनिटं. ती दोन मिनिटं काही झाली नाहीत. आता तिकडून रोज तासभर बसते माझ्यासमोर. माझ्याकडे बघत. अजून काय पाहिजे?”

मी उभीच होते.

“तुम्हीपण बसा ना,” ती म्हणाली. “सारख्या उभ्याच असता. पाय दुखत नाहीत?”

दुखत होते. मी गॅस बंद केला, फोन पालथा ठेवला आणि तिच्यासमोर फरशीवर बसले. तिने ताट मध्ये सरकवलं, अर्ध्या शेंगा माझ्या बाजूला केल्या. माझी सोलण्याची पद्धत तिला पसंत पडली नाही. “शिरेकडून ओढा,” म्हणाली. मी शिरेकडून ओढली. मागच्या बाजूला फरशी कापायचं यंत्र थांबलं होतं, कामगारांची चहाची सुट्टी असेल, आणि गॅलरीतून मोहोराचा वास येत होता. तिने मला सांगितलं की तिची मुलगी जिथे राहते तिथे झाडांना मोगऱ्याच्या वासाची फुलं येतात. “मला दाखवली तिने,” ती म्हणाली. “सगळ्या वर्गासमोर आई म्हणाली मला.”

हे तिने पाचच्या मुलीला कधी सांगितलं नसतं. मुलीसमोर ती एक शब्द बोलून गप्प बसते. हे सगळं ती बाईला सांगते. लेक काय, पाच वाजता कुठूनही येईल. दुपारी समोर बसून लेकीचं कौतुक ऐकायला मात्र इथे कुणीतरी लागतं. मनीषाला ती जागा देता येईल. पण मला ती द्यायची नाही.

शेंगा संपल्या तेव्हा आईने घड्याळाकडे पाहिलं आणि लगबगीने उठली. “बाई, माझी साडी काढता का? निळी. वेळ झाली तिची.”

मी साडी काढली, निऱ्या धरल्या, पावडरचा डबा हातात दिला. फोन कॅलेंडरसमोर उभा करून लिंक लावून दिली. मग आत जाऊन को हानला लिहिलं, ‘खोली दुसऱ्याला द्या. फुलली की फोटो मात्र पाठवा.’ कागदावरची ओळ खोडली. थोड्याच वेळात तिचा अंगठा आला, आणि मागोमाग झाकण लावलेल्या दुधाच्या बाटलीचं चित्र.

स्वेटर घातला. दार लावलं. पंखा बंद. मुलं एकेक करून चौकोनांत आली. उद्याच पेपर असल्यासारखे चेहरे. मी हजेरी सुरू केली. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. हल्ली हजेरीच्या शेवटाला मी हेडफोन एका कानावरून मुद्दाम बाजूला करते.

“आजी?”

आधी दारापलीकडून आला, मग हेडफोनमधून, एकच आवाज दोनदा.

“हजर.”